थांबायचा इशारा कुणीही द्यावा

आमच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं हातांनी होतं. गैरसमज नको, मारामारी नाही. आमचे हे क्रेन चालवतात. बांधकामावर ती उंच क्रेन असते ना, डोक्यावर काचेची खोली असलेली, ती. इतकी वर्षं त्या यंत्राच्या घरघरीत बसून त्यांचा डावा कान कामातून गेला आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. लग्नानंतर मी बरेच दिवस घसा फोडून ओरडायचे. आख्ख्या गल्लीला कळायचं की आमच्याकडे चहा झालाय, फक्त ज्याला प्यायचाय त्यालाच कळायचं नाही. शेवटी एका रविवारी यांनी मला समोर बसवलं आणि कामावरचे इशारे शिकवले.

कामावर खाली एक माणूस नारिंगी जाकीट घालून उभा असतो. तो हातांनी सांगतो आणि वरचा ऐकतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. एका हाताने इशारा चालू असताना दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्यावर आडवा धरला, की हळू. एक हात आडवा पसरून पंजा जमिनीकडे केला, की थांब. दोन्ही हात तसे पसरले तर आत्ताच्या आत्ता, असशील तिथे थांब. आणि कामाची पाळी संपली की दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून पोटाशी धरायची. म्हणजे काम बंद, सगळं कुलूपबंद करून खाली ये.

तेव्हापासून आमचा संसार स्वयंपाकघराच्या खिडकीतून चालतो. हे अंगणात, मी ओट्यापाशी. मी बोट वर फिरवलं की हे उठून जेवायला येतात. यांनी खाली फिरवलं की मी गॅस बारीक करते. पाहुण्यांसमोर यांचा आवाज चढला की मी हळूच पंजा आडवा धरते, आणि पाहुण्यांना वाटतं मी माश्या हाकलतेय. शेवटचा तेवढा इशारा आम्ही घरात कधी वापरला नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "घरात काम बंद होतं कुठे? तुझं होतं का?" होत नाही, हे खरंच होतं.

या इशाऱ्यांचे दोन नियम आहेत आणि ते यांनी मला इतक्यांदा ऐकवलेत की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पहिला, इशारा फक्त जाकीटवाल्याचा. मालक स्वतः येऊन खाली नाचला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. दुसरा, थांबायचा इशारा मात्र कुणीही द्यावा. झाडूवालीने दिला तरी वरच्याने थांबायचं. का, कशाला, ते खाली आल्यावर विचारायचं. "त्या एका इशाऱ्याला जाकीट लागत नाही," असं हे म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा चेहरा एकदम गंभीर होतो.

आता असा हा माणूस बायकोचं ऐकत असेल, असं कुणाला वाटेल. छे! नाव नको. स्वेटर घाला म्हटलं की उघड्याने फिरतील. डॉक्टरकडे चला म्हटलं की शेजाऱ्याचा नळ दुरुस्त करायला जातील. हट्टी म्हणजे किती, तर एकदा दाढ ठणकत असताना गाल धरून दोन पंगती वाढल्या, पण दुखतंय म्हणून कबूल केलं नाही. वाईट मात्र नाहीत हो. कुठलीही गाठ तीनदा ओढून बघतील, शिडी आधी स्वतः हलवून बघतील आणि मगच दुसऱ्याला चढू देतील. यांच्या हाताखाली आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान आहे, ते मला माहीत आहे.

म्हणूनच त्या मंगळवारी माझ्या काळजाचं पाणी झालं.

सकाळी न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर हे बेसिनला दोन्ही हातांनी धरून उभे, डोळे घट्ट मिटलेले, चेहरा पिठासारखा पांढरा. घर फिरतंय म्हणाले. थोड्या वेळाने थांबलं. म्हणाले, मानेचं आहे. बुधवारी स्वयंपाकघरात पुन्हा तेच. हातातला पेला सुटला आणि फुटला. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसल्या बसल्या माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. पोरीला फोनवरसुद्धा नाही, भावाला नाही, कामावर तर नाहीच. तुला माझी शपथ." कामावर ताप आलाय म्हणून कळवलं आणि उरलेला आठवडा घरी राहिले. सोमवारी पुन्हा वर चढायचं होतं.

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? वर काचेच्या खोलीत घर फिरायला लागलं, तर यांचं काय? आणि खाली लोखंडाच्या जुडीखाली जी माणसं उभी असतात, डबा सोडून जेवायला बसतात, त्यांचं काय? मी एवढंच म्हटलं, तर म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. शनिवार-रविवार अंगणात काम करतो. वाकलो, उठलो, चढलो, आणि काही झालं नाही, म्हणजे झालो बरा." म्हणजे परीक्षा घेणारे हेच, देणारेही हेच, आणि पास करणारेही हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शपथ घातलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शनिवारी सकाळपासून हे अंगणात. आमचं अंगण तसं फार मोठं नाही. एका बाजूला कुंपण, एका बाजूला गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना, आणि मध्ये तुतीचं जुनं झाड. त्याच्या खाली साहेबाचं खोपटं. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. दिवसभर आडवा पडून राहतो, कामाच्या वेळी दिसत नाही आणि जेवणाच्या वेळी सगळ्यात आधी हजर, म्हणून यांनीच हे नाव ठेवलं. आणि एक मांजर आहे, तिचं नाव मुकादम. ती कुठलंही काम चालू असलं की शेपटी वर करून तिथे जाते, चारी बाजूंनी बघते, नापसंतीने तोंड फिरवते आणि निघून जाते. तुती पिकायचे दिवस होते. सगळं अंगण जांभळं झालं होतं, आणि साहेबाचे चारी पायसुद्धा.

यांनी गवत उपटलं, कुंपण छाटलं, पाला ओढून कोपऱ्यात ढीग केला. मी खिडकीत उभी राहून भोपळा चिरत होते, पण डोळे सगळे बाहेर. हे वाकले की माझी सुरी थांबायची. उठून उभे राहिले की पुन्हा चालायची. एक भोपळा चिरायला मला अख्खी सकाळ लागली. फोडी बघाल तर एक एवढी, एक तेवढी.

दुपारी साहेबाची अंघोळ काढली. त्याला धरून ठेवणं हेच एक मोठं काम. हे हसत होते, त्याला शिव्या घालत होते, पाण्याने चिंब झाले होते, आणि मला वाटलं, खरंच झाले की काय बरे. तेवढ्यात साहेबाने अंग झाडलं, हे मान वळवून मागे सरले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. कुणाला वाटावं, भिंतीचा गिलावा तपासतायत. पण गिलावा डोळे मिटून कुणी तपासत नाही. मी खिडकीतून बघत होते. डोळे उघडल्यावर त्यांना मी दिसले आणि लगेच त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. जसं काही गिलावाच पोकळ होता.

संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "उद्या तुतीची ती फांदी उतरवतो. वाऱ्याने तडकलीये. स्वयंपाकघरावर येईल एखाद्या दिवशी."

"भिंतीपाशी काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"अहो, मी बघितलं."

"तू काय बघितलंस? साबण गेला डोळ्यात."

"आणि उद्या झाडावर असताना साबण गेला म्हणजे?"

तेव्हा यांचा आवाज चढला. म्हणाले, आयुष्य वर काढलंय, झाडाची मला काय भीती दाखवतेस. म्हणाले, भावाला बोलावलंय दोर धरायला. मग जरा वेळाने, खालच्या पट्टीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर जाता येत नसेल तर मी करायचं काय गं? खाली राहून काय करतात माणसं?"  माझा राग होता तो तसाच राहिला, पण त्याच्याखाली रडूच आलं. मी कप उचलले आणि आत गेले.

रविवारी सकाळी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे यांचा धाकटा भाऊ, शिंपी. दिवसभर मशीनवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची सवय, त्यामुळे तोंड अखंड चालू. शिवाय अंगात नवी कोरी पँट. "वहिनी, रस्सा कुठला? वासावरून कोंबडी दिसतेय. दादा, ही पँट खराब झाली तर दुसरी शिवायला वेळ नाही हं मला!" यांनी उत्तर न देता त्याच्या अंगावर नारिंगी जाकीट फेकलं. दोराचं एक टोक फांदीला बांधायचं, दोर वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा, खोडाला दोन वेढे द्यायचे आणि फांदी तुटली की भाऊजींनी दोर हळूहळू सोडायचा, असं ठरलं. इशारेही भाऊजीच देणार. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, भोवळीचं म्हणतेय मी. त्यांना वाटत होतं, भाऊ ठणठणीत आहे आणि आज कोंबडी आहे.

सांगून टाकावं का? भाऊजी पाणी प्यायला आत आले तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते. खिडकीतून हे माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते, काही इशारा नाही, काही नाही. मी पेला भरून दिला आणि गप्प बसले. स्वतःचा इतका संताप आला मला की कांदा चिरताना बोट कापून घेतलं.

हे चढले. आधी शिडी हलवून बघितली, मग कमरेचा पट्टा खोडाभोवती घालून ओढून बघितला, करवत दोरीने मनगटाला बांधली. साहेबाला फाटकापाशी नेऊन बांधायला सांगितलं. मुकादम पाल्याच्या ढिगावर बसून बघत होती. मी रस्सा बारीक आचेवर ठेवला, बटाटे उकडायला टाकले आणि खिडकी सोडली नाही. फांदीला दोर बांधून झाला. भाऊजींनी बोट खाली फिरवलं आणि करवत चालायला लागली. भुसा उडत होता, पिकलेली तुती टपाटपा खाली पडत होती. भाऊजींची पँट पहिल्या पाच मिनिटांतच गेली.

आणि मग करवत थांबली.

भाऊजींना वाटलं, दम घेतायत. पण मी यांची पाठ ओळखते. यांनी डावा हात खोडाला घातला होता आणि गाल सालीला टेकला होता. पट्टा होता कमरेला, पण माणूस वर लटकून राहिला तर त्याला उतरवणार कोण? आणि ती अर्धी कापलेली फांदी तिथेच कण्हत होती, यांच्या बरोब्बर खांद्यापाशी. हे डोळे उघडून खाली बघायचे आणि पुन्हा मिटायचे. खाली जाकीटवाला बोट फिरवत होता. चालू दे, चालू दे, थोडीच राहिली. आणि हे, काय सांगू तुम्हाला, यांनी खरंच पुन्हा करवत उचलली. कारण इशारा जाकीटवाल्याचा होता.

मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. हातात डाव होता, तो कुठे फेकला तेही आठवत नाही. अंगणाच्या मध्यभागी उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले, पंजे जमिनीकडे. ओरडले नाही. ओरडून काय उपयोग होता?

"वहिनी, आता काय थांबवता, अर्धी कापलीये!" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" मी इतक्या जोरात म्हणाले की मुकादम ढिगावरून उडी मारून पळाली.

यांनी मला बघितलं. वरून, एका डोळ्याने. त्या नजरेत केवढा राग होता! शपथ मोडलीस, असं ती नजर सरळ म्हणत होती. मी हात खाली घेतले नाहीत. माझ्या मनात एवढंच होतं, की बायको म्हणून नका ऐकू, नका ऐकू हो, झाडूवाली म्हणून ऐका. करवत हवेत तशीच होती. मग यांनी मूठ उघडली आणि करवत मनगटाच्या दोरीला लोंबकळली.

"जाकीट काढा," मी भाऊजींना म्हटलं. "त्यांना भोवळ येतेय. मंगळवारपासून येतेय. दोराची गाठ खोडाला पक्की मारा आणि शिडीवर चढा. त्यांचा पाय तुम्ही धरून पायरीवर ठेवायचा. मी सांगेन तेव्हा. तोंड अजिबात उघडायचं नाही."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी जाकीट काढून माझ्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा भाऊजी गप्प झालेले मी बघितले.

आता अडचण अशी होती, की यांनी खाली बघितलं की जास्त फिरायला लागायचं. आणि खाली बघितल्याशिवाय माझे हात दिसणार कसे? एकदम माझं लक्ष जिन्याकडे गेलं. गच्चीचा जिना झाडाच्या समोरच आहे. मी जाकीट अंगात घालत धावत वर गेले आणि यांच्या डोळ्यांच्या रेषेत आले तिथे, कठड्यापाशी उभी राहिले. मला उंचीचं भय आहे. गच्चीवर कपडे वाळत घालतानाही मी काठापाशी जात नाही. पण त्या वेळी ते भय कुठे गेलं, कोण जाणे.

"अहो," मी म्हटलं. ऐकू गेलं नसणार, पण यांनी डोळे उघडले. समोर मी, नारिंगी जाकिटात. मी एका हाताने बोट खाली केलं आणि दुसरा पंजा त्यावर आडवा धरला. खाली, हळू.

यांनी पट्टा सैल केला. उजवा पाय खाली सोडला. भाऊजींनी शिडीवरून तो घोट्याला धरला आणि पायरीवर टेकवला. मी एक हात पसरला. थांब. यांनी श्वास घेतला. नजर माझ्या हातांवर खिळलेली, जरासुद्धा इकडे-तिकडे नाही. पुन्हा बोट खाली, पंजा आडवा. डावा पाय. थांब. पट्टा हातभर खाली सरकवायचा, तो सरकवला. हा माणूस उभ्या जन्मात माझ्या सांगण्याप्रमाणे असा वागला नव्हता. मला हसू येत होतं की हुंदका, ते मला त्या वेळी कळत नव्हतं.

हे शिडीच्या मध्यावर आले आणि फांदी कडाडली.

आवाज यांना ऐकू गेला नसेल, पण झाड हादरलं ते कळलं असणार. मी चटकन दोन्ही हात पसरले. फांदी खोडापासून सुटली, पण दोराने तिला धरलं. ती गाठ यांनीच तीनदा ओढून बघितली होती. खाली पडायच्या ऐवजी फांदी झोका घेऊन वळली आणि सरळ माझ्याकडे, जिन्याकडे आली.

मला दिसत होती ती. सबंध हिरवी भिंतच अंगावर येत होती. मागे सरायला जागा होती, खाली बसायलाही जागा होती. पण हे माझ्या हातांकडे बघत होते, आणि हात हलला असता तर यांनी पाय हलवला असता. शिडी थरथरत होती, भाऊजी तिला मिठी मारून उभे होते. मी हलले नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. फांदीचा बुंधा कठड्यावर आदळला, कठड्याचा टवका उडाला आणि सगळी पानं आणि सगळी पिकलेली तुती फाडकन माझ्या तोंडावर येऊन बसली. मग फांदी मागे गेली आणि झाडाला लागून लोंबत राहिली.

मी बोट खाली केलं. पंजा आडवा. खाली, हळू.

जमिनीवर पाय टेकल्यावर हे साहेबाच्या खोपट्याला पाठ लावून बसले. मी कठडा धरून बसत बसत जिना उतरले. यांनी मला बघितलं आणि तोंडाचा आ वासला. धडपडत उठायला गेले. "रक्त," म्हणाले. "अगं, रक्त आलंय तुला!"

"तुती आहे हो ती," मी म्हटलं.

यांनी हात लांब करून माझ्या गालावरचं पुसलं, बोट नाकापाशी नेलं, मग जिभेला लावलं. खात्री झाल्यावर असे भडकले म्हणता! "हललीस का नाहीस? अं? बाजूला व्हायला काय झालं होतं? डोकं फुटलं असतं तुझं!"

"तुम्ही बघत होतात ना," मी म्हटलं.

त्यावर यांचा राग जागच्या जागी बसला. डोळे भरून आले. मग भाऊजी आमच्या दोघांच्या मध्ये उकिडवे बसले आणि म्हणाले, "दादा, मंगळवारपासून? आणि मी खालून चालू दे, चालू दे करतोय? मला माणूस समजतोस की नाही?" आणि तेही रडायला लागले. तिकडे साहेब फाटकापाशी भुंकत होता, कारण इतका गोंधळ झाला तरी त्याला कुणी सोडलं नव्हतं.

रस्सा खाली लागला होता. बटाट्यांचं पाणी आटून पातेलं काळं पडलं होतं. तरी आम्ही जेवलो. भाऊजींनी वरचा वरचा रस्सा वाढला, मी भात वाढला, कालच्या भोपळ्याच्या ओबडधोबड फोडी वाढल्या. करपल्याचा वास सगळीकडे होता, पण कुणी नाव ठेवलं नाही. यांनी करपलेला तुकडा मुद्दाम स्वतःच्या ताटात घेतला आणि खाल्ला. साहेब टेबलाखाली आणि मुकादम खिडकीत. 

ते जाकीट अजून माझ्या अंगातच होतं. काढायचं भानच राहिलं नव्हतं. जेवताना सबंध वेळ माझ्या डोक्यात एकच होतं. सोमवार. फांदी उतरली, पण उद्या सकाळी हे डबा घेऊन उठले आणि बुटाच्या नाड्या बांधायला बसले, तर? झाडाखाली हात पसरायला मी होते. तिथे कोण आहे? उद्या फाटकात आडवी पडेन, असं मी ठरवलं. मनात भांडणाची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

ताटं उचलून मी ओट्यापाशी गेले. हे खुर्चीतच बसून होते. मी वळून म्हटलं, "अहो, उद्या..." आणि माझा एक हात आपोआप वर यायला लागला.

यांनी मान हलवली, नको म्हणून. मग दोन्ही हात पुढे घेतले. मनगटांवर अजून करवतीचा भुसा होता. बोटं एकमेकांत अडकवली आणि पोटाशी धरली.

मी बघत राहिले. इतक्या वर्षांत हा इशारा मी यांच्या हातून कधी बघितला नव्हता. नुसता ऐकला होता.

"उद्या तू येशील माझ्याबरोबर?" यांनी विचारलं. "कामावर सांगायला. मग डॉक्टरकडे. माझ्या एकट्याने सांगवणार नाही गं."

"येईन की," मी म्हटलं, पण हळू आवाजात, यांना ऐकू गेलं नाही. म्हणून मी जवळ जाऊन त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले. त्यांची बोटं गार होती आणि इतकी घट्ट अडकवलेली होती की मला ती सोडवता आली नाहीत, म्हणून मी तशीच धरून बसले.